बोडीवर म्हशींना बंदी

माय, तुला आज लिहायला बसले ते काही चांगलं सांगायला नाही. आपली बोडी आहे तिथेच आहे, तळ्याची पाळ शाबूत आहे, यंदा भर उन्हाळ्यातही तिच्यात कमरेएवढं पाणी होतं. पण म्हशींना तिथे बंदी आहे, आणि ही बंदी जंगल खात्याची नाही, आपल्याच गावाची आहे. गेले काही दिवस मला इतकी किळस येते की ताटावर बसलं की घास तोंडातल्या तोंडात फिरतो. वहिनीजवळ बोलून झालं, शेजारच्या बायांजवळ बोलून झालं. त्या मान हलवतात आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात. तू असतीस तर निदान चार शिव्या तरी हासडल्या असत्यास.

तुझ्यामागे काय काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. दादा गेला. साधा ताप म्हणून घरीच पडून राहिला आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. लोकांनी वहिनीला सांगितलं, म्हशी विकून टाक, बाईच्या एकटीच्या हातून होणार नाही. तिने विकल्या नाहीत. आज गोठ्यात आहेत त्या तुझ्याच म्हशींच्या नाती-पणती. मी एसटीतून रिटायर झाले, भद्रावतीची खोली सोडली आणि वहिनीजवळ राहायला आले. तुला आठवतं का, मला कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा तू एकदा भद्रावतीहून चंद्रपूरला माझ्याच गाडीने आली होतीस? मी हळूच म्हटलं, बस चुपचाप, तुझं तिकीट मी काढते. तू सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "काऊन? सरकारची गाडी आहे, तुझ्या बापाची नाई. घे पैसे." माणसं हसली. मी लाजेने मेले. तू तिकीट पदराच्या गाठीत बांधलंस आणि मांडीवरची किटली माझ्या हातात दिलीस. आत माझ्यासाठी कढवलेलं तूप होतं. सरकारचं ते सरकारचं आणि गावाचं ते गावाचं, याबद्दल तुझ्या डोक्यात कधी गोंधळ नव्हता.

बोडी तुझ्या लेखी गावाची होती. शेतं संपली की सागवान लागतं आणि सागवानात थोडं आत गेलं की बोडी. कोणे काळी गावच्याच माणसांनी खणलेली, मागाहून सगळं जंगल सरकारी झालं तशी तीही खात्याच्या नकाशात गेली. बाबा आलापल्लीकडे लाकूडतोडीला गेले आणि ओंडक्याखाली सापडले, त्याच्या पुढच्याच हंगामात तू काठी हातात घेतलीस. बाई कुठे गावाची गुरं राखते, असं म्हणणारे महिनाभर म्हणाले आणि मग सकाळी आपापली जनावरं गावाबाहेरच्या आखरावर आणून सोडू लागले. तिथून तू सगळा कळप घेऊन निघायचीस, म्हशी पुढे, तू मागे. संध्याकाळी परत आलीस की तशीच चुलीपुढे बसायचीस. अंगाला चिखलाचा, शेणाचा आणि धुराचा वास. भात शिजत असायचा, लाखोळीची डाळ उतू जात असायची, आणि तू आम्हाला जनावरांच्या बातम्या सांगायचीस. "ती वाकड्या शिंगाची आज पाणी नाई पेली. काहीतरी बिघडलं तिचं." मी अभ्यास केला का, दादा शाळेत गेला का, हे त्यानंतर.

मी शाळेत होते तेव्हाचा तो कोंडवाड्याचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. खात्याने बोडीच्या वरच्या अंगाला सागाचं रोपवन केलं, चारी बाजूंनी तार ओढली आणि त्या तारेत बोडीची वाटच अडकली. तू दोन दिवस पाहिलंस. तिसऱ्या दिवशी तार उचलून म्हशी आत घातल्यास. खात्याच्या नाकेदाराने अख्खा कळप रेंज ऑफिसच्या कोंडवाड्यात नेऊन कोंडला. आपण दोघी मागोमाग चालत गेलो. साहेब दौऱ्यावर आहेत, थांबा, असं सांगितलं. दुपार टळते, म्हशींच्या कासा तटतटतात आणि त्या ओरडायला लागतात. तू फाटकाच्या आडव्या लाकडांमधून अंग चोरून आत शिरतेस. एकेका म्हशीखाली बसतेस आणि दूध सरळ मातीत सोडतेस. शेणातून पांढरे ओघळ वाहत फाटकाबाहेर येतात. नाकेदाराची बायको क्वार्टरमधून पातेलं घेऊन धावत येते. "बाई, फुकट चाललं ना, मले तरी द्या." तू वर न बघता म्हणतेस, "तुमच्या मालकानं पाणी बंद केलं, मी दूध बंद केलं." मला रडू फुटलं. घरी आपण दुधाचा थेंब तोंडाला लावत नव्हतो, सगळं विकायला जायचं, आणि इथे ते मातीत. तू माझ्यावर खेकसलीस, "रडू नको. ह्याईच्यापुढं तर अजिबात नाई. घरी जाऊन रड."  पुढे नोकरीत कित्येकदा डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते मी डेपोत दाखवलं नाही, खोलीवर येऊन काय ते रडले.

मग रेंजर साहेब आले. म्हातारे होते, बुटांना चिखल होता. त्यांनी तो दुधाचा चिखल पाहिला आणि विचारलं, "काय पाहिजे बाई तुम्हाला?" तू म्हणालीस, "वाट." ते म्हणाले, रोपं खातील जनावरं. "मी मांगं राहतो ना साहेब. एक जरी रोप खाल्लं तर मले कोंडा इथी." त्यांनी दंडाची पावती फाडली. पण आठवड्याभरात तार सरकली आणि दोन म्हशी बाजूबाजूने जातील एवढी वाट बोडीपर्यंत मोकळी झाली. तू त्या साहेबांना आयुष्यभर शिव्या दिल्यास, कारण दंड त्यांनी माफ केला नव्हता. तरी त्यांनी सोडलेली वाट परवापरवापर्यंत होती.

पुढे नवा कायदा आला. जंगलातल्या गावाला चराईचा, पाण्याचा, मोह-तेंदूचा हक्क गाव म्हणून मिळणार, ग्रामसभा म्हणेल तसं होणार. फक्त गावाने दाखवायचं होतं की हा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. साहेब लोक पाहणीला आले तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून आले होते. सगळे बोडीच्या पाळीवर बसले. म्हातारी माणसं एकामागून एक उठली आणि प्रत्येकाच्या तोंडी तू होतीस, माय. ती म्हशी राखणारी बाई. ती कोंडवाड्यात शिरलेली बाई. सगळ्यांत चांगलं बोलला तो आपल्या मागच्या घरातला, ज्याच्या आईला दूध नव्हतं म्हणून तू वाटीभर दूध रोज कुडावरून द्यायचीस, तो. आता चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. तो म्हणाला, "साहेब, तुमी उभे आहा ना, हे वाट त्या बाईच्या म्हशीईनं पाडलेली आहे. ह्याच्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे तुमाले?" बोलताना त्याने डोळे पुसले. मीही पुसले. हक्क मिळाला त्या दिवशी गुलाल उधळला, वहिनीने म्हशींच्या कपाळालाही लावला. मला वाटलं, तू जिवंत असायला हवी होतीस. आता वाटतं, बरं झालं नाहीस.

कारण हक्काचा कारभार बघायला समिती झाली आणि तोच मागच्या घरातला तिचा अध्यक्ष झाला. त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही, हक्कासाठी त्यानेच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते, आपली शेती पडीक ठेवून. पण मग नागपूरहून एक हॉटेलवाला येऊ लागला. वाघ बघायला लोक येतात, त्यांना दुपारची काही करमणूक नसते, बोडीत बोटी सोडा, काठावर बांबूच्या कुट्या बांधा, मी चालवतो, गावाला वाटा देतो. गावाला ते पटलं. कुट्या झाल्या, काही जणांना चादरी धुण्याचं आणि भांडी घासण्याचं काम मिळालं. तोवर ठीक होतं. पण हॉटेलवाल्याने सांगितलं की पाहुण्यांना शेणाचा वास येईल, आणि ग्रामसभेत विषय आला की बोडीवर जनावरं नेऊ नयेत.

शाळेच्या व्हरांड्यात सभा होती. वहिनी उभी राहिली. ती कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "मी म्हशी पाणी पाजाले कुठी नेऊ?"

"हातपंपाजवळ हौद आहे ना वहिनी," अध्यक्ष म्हणाला.

"म्हशीले नुसतं पेवाले नाई लागत, बसाले पाणी लागते. अंग तापलं तर दूध आटते तिचं. तुमाले का सांगू, तुमी त्याच दुधावर वाढले."

"मंग नाल्यावर न्या."

"नाल्यावर वाघ आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "वाघासाठीच तर लोकं येऊन राह्यले वहिनी!" आणि सगळा व्हरांडा हसला. माय, हसला. त्यात दोन माणसं अशी होती की ज्यांच्या घरची माणसं वाघाने नेली आहेत. मी उठले. म्हटलं, ज्या म्हशींच्या नावावर हक्क मागितला त्यांनाच बाहेर काढता? अध्यक्ष मला ताई म्हणतो. अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचा मान आहे, पण तुमी काल आल्या गावात. पेन्शन येते तुमाले. आमाले पोट आहे. आन्‌ शेणानं पाणी घाण होते, हे तर शास्त्र आहे." हात वर झाले. ज्यांच्या गोठ्यात आता जनावर नाही, मोटारसायकल उभी असते, त्यांचे हात आधी वर झाले. ज्यांच्याकडे जनावर आहे ते जमिनीकडे बघत बसले.

शेणाने पाणी घाण होतं. मी दुसऱ्या दिवशी बोडीवर जाऊन पाहिलं. काठाला दारूच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, लहान मुलांची घाणीने भरलेली लंगोटं गुंडाळून झुडपात फेकलेली, त्यांवर माशा. कुट्यांच्या संडासांचा पाइप मागच्या उतारावर उघडाच सोडला आहे. पाऊस पडला की तो सगळा ऐवज कुठे येणार हे सांगायला शास्त्र लागत नाही. पाण्यावर खरकट्या भांड्यांच्या तेलाचा तवंग होता.  आणि वाटेच्या तोंडाशी, जिथून तुझ्या म्हशी उतरायच्या, तिथे बांबूचं फाटक आणि रंगवलेली पाटी, गावच्याच सहीने, गुरांना सक्त मनाई.

वहिनी नाल्यावर जाऊ लागली. जाताना पाय टाकते तो ऐकत ऐकत टाकते. म्हशीची एक वगार वाघाने तिच्या डोळ्यांदेखत उचलली. म्हशी नाल्यात बसायच्या नाहीत, पाणी पिऊन लगेच बाहेर यायच्या, त्यांनाही कळत होतं. घरी येऊन धापा टाकत उभ्या राहायच्या. दूध निम्म्यावर आलं. ताटावर बसली की वहिनी जेवताजेवता झोपून जायची.

मग बोटींच्या उद्घाटनाचा दिवस आला. मांडव, कर्णे, मोठे पाहुणे, गाड्यांची रांग. गावजेवण होतं म्हणून मीही गेले, खोटं कशाला सांगू. ऊन असं की मांडवाचं कापड हाताला चटके देत होतं. भाषणं चालली आहेत, आणि तेवढ्यात वहिनीची हाक ऐकू येते. नाल्यावरून परत येताना म्हशींना वाऱ्यावर बोडीचा वास लागला होता. सगळ्यांत पुढे गाभण म्हैस, दिवस भरत आलेली. तिने बांबूच्या फाटकाला नुसतं डोकं लावलं आणि फाटक आडवं झालं. एकामागून एक म्हशी वाटेने उतरल्या आणि पाण्यात जाऊन बसल्या. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. मी तुला सांगते, मला इतकं बरं वाटलं. आणि ऐक, पाहुण्यांनाही बरं वाटलं. एक शहरातली बाई टाळ्या वाजवत म्हणाली, "किती छान! हे तर इथे असायलाच पाहिजे." लोक फोन काढून फोटो घेऊ लागले. ज्यांच्या नाकासाठी हे सगळं केलं होतं त्यांच्या नाकाला काही झालं नव्हतं.

लाज वाटली ती आपल्यांना. अध्यक्षाचा चेहरा लालभडक. त्याने पोरांना खूण केली. शेतात रानडुकरं हाकलायला ठेवतात ते सुतळी बॉम्ब त्यांनी काठावरून पाण्याकडे फेकले. एक, मग आणखी, मग आणखी. म्हशी उधळल्या. बाकीच्या वाटेने बाहेर पडल्या, पण ती गाभण आवाजाला पाठ करून उलट बाजूला गेली, जिथे बोटींच्या धक्क्यासाठी जेसीबीने काठ खोल खणला होता. तिथला चिखल अजून बसलेला नव्हता. पुढचे पाय गेले, मग छाती गेली. वहिनी लुगड्यानिशी पाण्यात. तिने म्हशीची हनुवटी आपल्या खांद्यावर घेतली आणि नाक वर धरून ठेवलं. मी कमरेपर्यंत गेले, दोर बांधला, ओढला. दोघींनी काय हलणार होतं. मी काठावरच्या माणसांना हाका मारल्या, नावं घेऊन मारल्या. दोघे पुढे आले आणि अध्यक्षाकडे बघून थांबले. तो म्हणाला, "पहिले पाहुण्याईचं जेवण आटपू द्या, मंग जेसीबी लावतो. पंगत बसली आहे."

पंगत खरंच बसली होती. कर्ण्यावर गाणं चालू होतं. कोंबडीच्या रश्श्याचा वास पाण्यावरून येत होता. म्हैस वहिनीच्या खांद्यावर श्वास सोडत होती आणि वहिनी तिच्या कानाशी काहीतरी बोलत होती, तू बोलायचीस तसं. मग श्वास यायचा थांबला आणि ते एवढं मोठं डोकं इतकं जड झालं की वहिनीलाही घेऊन खाली जायला लागलं. मी तिला ओढून बाहेर काढलं. समितीच्या माणसांनी रोपांवर घालतात ती हिरवी जाळी आणून म्हशीवर टाकली, दिसू नये म्हणून. जाळीतून शिंग वर आलं होतं. आणि त्याच्यापलीकडे लोक मठ्ठ्याचे ग्लास हातात घेऊन बोटीत बसण्याची वाट बघत होते. कुणी उष्टी पत्रावळ पाण्यात टाकली, ती वाऱ्याने सरकत त्या जाळीला येऊन लागली.

जेसीबीने तिला मागच्या पायांनी उचललं. वहिनीने एकदा तिच्या पोटावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. तिला काय लागलं हाताला ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष घरी आला. हातात उरलेल्या बुंदीचा डबा. "वहिनी, झालं ते झालं. शेवटी जनावरच होतं. मनाले लावून घेऊ नका." वहिनी उठली, डबा घेतला, त्याच्यादेखत उकिरड्यावर पालथा केला आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. स्टीलचा आहे." एवढंच. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्याने डब्याचं झाकण शोधलं, लावलं आणि गेला.

मी उपविभागीय कार्यालयात गेले. साहेब तरुण आहेत, बोलायला चांगले, खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, ग्रामसभेचा ठराव आहे. त्यात आम्हाला पडता येत नाही. यासाठीच तर तुम्ही लोक भांडलात ना?" मी खुर्ची सरकवून उठले. गावात शिरताना नवा नाकेदार मोटारसायकलवर भेटला. हसत म्हणाला, "आता तरी आमाले नाव ठेवू नका बाई. आमी तर नाई अडवलं." त्याच्या हसण्याने अंगावर काहीतरी ओंगळ सांडल्यासारखं झालं. पण तो खोटं बोलत नव्हता.

वहिनीने दोन म्हशी विकल्या. उरलेल्यांना घेऊन ती नाल्यावर जाते आणि मी तिच्याबरोबर जाते, ती पुढे, मी मागे, हातात स्टीलचं ताट आणि पळी, वाजवत. वाघ ताटाला भितो की नाही मला माहीत नाही. पुढच्या ग्रामसभेत वहिनी पुन्हा उभी राहणार आहे. ती घरोघर जाऊन आली. तिच्याबरोबर हात वर करू म्हणणाऱ्या बाया मोजक्या आहेत, आणि नवऱ्याने डोळे वटारल्यावर त्यांतल्या किती येतील कोण जाणे. वहिनी म्हणते, "न येऊ दे. मी तर बोलतो." माणसांची मला किळस येते, माय, आणि तिची येत नाही, म्हणून अजून मी या गावात आहे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही हे मला कळतं. तुला वाचताही येत नव्हतं, पत्र आलं की तू मलाच वाचायला लावायचीस. तरी एक गोष्ट वहिनीलाही सांगितलेली नाही, ती तुला सांगते. काल पहाटे मी एकटी बोडीवर गेले होते. कुट्यांमध्ये कोणी उठलेलं नव्हतं, बोटी साखळीला बांधलेल्या. मी काठावर उभी राहिले आणि पाण्यात थुंकले. मनापासून थुंकले. थुंकी तिथेच पाण्यावर तरंगत राहिली, हलेना. मग कोणी बघत नाही ना ते पाहिलं, खाली बसले आणि ती विरघळून जाईपर्यंत हाताने पाणी ढवळत राहिले.